एनएसएस कॅम्पला परत त्याच पाड्यावर जायचंय, मागच्या वर्षीच्या सर्व्हेचं काय उत्तर देऊ?

ऐरोलीची_मुलगी:

नमस्कार, थोडं मोठं होईल पण वाचा प्लीज. मी ठाण्यातल्या एका कॉलेजात एसवाय बीएस्सीला आहे, राहते ऐरोलीला. गेल्या वर्षी एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजना) नाव दिलं ते मार्कांसाठीच, सिनियर सांगायचे १० मार्क मिळतात, आता नव्या पॅटर्नमध्ये त्याचे क्रेडिट झालेत. वर्षाला १२० तास, दोन वर्षांचे २४०, आणि एक सात दिवसांचा निवासी कॅम्प. पण नंतर मार्क बाजूलाच राहिले, मला ते काम मनापासून आवडायला लागलं. गणपतीत तलावपाळीला रात्री उशिरापर्यंत निर्माल्य वेगळं करत उभे होतो, हार एकीकडे, प्लास्टिक एकीकडे, थर्माकोल एकीकडे, आणि घरी येऊन झोपच लागली नाही इतकं भारी वाटत होतं.

मग डिसेंबरात शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर कॅम्प झाला. आसनगावला उतरून पुढे जीपने. मला आणि अजून एकीला घरोघरी सर्व्हे करायला दिलेला, ४१ घरं. रेशनकार्ड आहे का, जातीचा दाखला आहे का, संडास आहे का, पाणी किती लांबून आणता. लोकांनी कामं सोडून उत्तरं दिली हो. एक आजी तर मला हाताला धरून ओढ्यापर्यंत घेऊन गेल्या, उन्हाळ्यात झिरे, म्हणजे पाण्यासाठीचे खड्डे, कुठे खोदतात ते दाखवायला.

आता ह्या वर्षी कॅम्प परत तिथेच आहे आणि मी लीडर आहे. गेल्या रविवारी सरांबरोबर पाहणीला गेलो तर त्याच आजी भेटल्या, लगेच ओळखलं, आणि म्हणाल्या, "मागं लिहून नेलंस पोरी, त्याचं काय झालं?" मला काही बोलताच आलं नाही. कारण काहीच झालेलं नाही. फॉर्म कॉलेजच्या कपाटात आहेत, रिपोर्टमध्ये "४१ कुटुंबांचे सर्वेक्षण" एवढी एक ओळ गेली. आता सर म्हणतात कामं तुम्हीच सुचवा. आतापर्यंत आलेल्या यादीत पथनाट्य, वृक्षारोपण, शाळेची भिंत रंगवणं आणि परत सर्व्हे आहे. मला तोच फॉर्म घेऊन त्याच दारात उभं राहायचं नाहीये. काय करता येईल? त्यात आई म्हणतेय एकदा जाऊन आलीस ना, परत कशाला.

---

कळव्याचा_जुना_स्वयंसेवक:

अगं पहिलं काम म्हणजे कपाट उघडायला लाव आणि ते फॉर्म बाहेर काढ. आजच. आमच्या वेळीही अगदी हेच झालेलं, आणि मला त्याचा अजून राग आहे, कारण माणसाने आपली अडचण सांगितली म्हणजे ती ऐकणाऱ्यावर थोडीतरी पडतेच, ती रिपोर्टात घालून संपत नाही.

दोघीतिघी बसून एका वहीत उतरवून काढा, नुसते आकडे नकोत, घरनिहाय. कोणाकडे दाखला नाही, कोणाचं रेशनकार्ड फाटलंय की सासऱ्याच्याच नावावर आहे, कोणाचं आधार नाही. पाड्यावर कातकरी कुटुंबं असतील तर ते आधी बघा. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित जमातींपैकी एक (बाकी दोन कोलाम आणि माडिया गोंड), त्यांच्यासाठी २०२३ च्या नोव्हेंबरात पीएम जनमन ही केंद्राची योजना सुरू झाली, पण कागदच नसले तर माणूस कुठल्याच योजनेत शिरत नाही. सात दिवसांत ५० पोरं असतील तर त्यातली सहा जण फक्त अर्ज भरायला बसवा. आम्ही केलेलं. फार कंटाळवाणं काम आहे, फोटो चांगला येत नाही, पण आमच्या कॅम्पचं टिकलेलं काम तेवढंच.

आणि ती वही पाड्यावर सगळ्यांसमोर वाचून दाखवा. खरंच वाचा, मोठ्याने. एखादी चूक असेल तर तिथेच कळते. मग ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. २६ जानेवारीला ग्रामसभा असते, कॅम्प डिसेंबरात म्हणजे वेळ बरोबर जुळतेय. शहापूर तालुका पेसात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) येतो, तिथे पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते, आहे का ते सरपंचांना विचारा. विषय मांडायचा तो त्यांच्यातल्याच कोणीतरी, तुम्ही मागे बसायचं.

पाण्याचं म्हणशील तर वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्याला आडव्या रचायच्या. आम्ही पहिला बांधला तो रात्रीत गळून गेला, कारण आम्ही गोण्या तोंडापर्यंत ठासून भरलेल्या आणि एकावर एक सरळ रचलेल्या. दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या एका बाबांनी सगळा उतरवायला लावला. गोणी पाऊणच भरायची म्हणजे ती नीट बसते, तोंड सुतळीने शिवायचं, वरच्या थराची गोणी खालच्या दोघींच्या सांध्यावर यायला पाहिजे, विटा रचतात तशी, आणि ज्या बाजूने पाणी येतं तिकडून चिकणमाती लिंपायची. फटीत गवत. बाबा पाण्यात उभे राहून पायाने चाचपून सांगायचे इथून सुटतंय. दुपारपर्यंत मागे पाणी चढायला लागलं आणि पोरं गप्प उभी राहून बघत होती, कोणी ओरडलंसुद्धा नाही.

एकच, डिसेंबरअखेर ओढ्याची धार बारीक झालेली असते. जमलं तर कॅम्पच्या आधीच एखाद्या रविवारी जाऊन बांधा, तास तसेही भरतातच.

---

मुरबाडकर:

मी दुसऱ्या बाजूने सांगतो. माझं गाव मुरबाड तालुक्यातलं, आता कामामुळे ठाण्यात राहतो. लहानपणी आमच्याकडे कॉलेजचे कॅम्प यायचे, आम्हाला पोरांना मजा असायची, खेळ, गाणी, बिस्किटं. पण झाडांचं सांगू का? डिसेंबरात लावायचे. डिसेंबरात! आमच्याकडे झाड लावायचं ते पहिल्या दुसऱ्या पावसात, डिसेंबरात लावलं की त्याला पाणी घालायचं कोणी, बाया स्वतःच्या हंड्यासाठी इतक्या लांब जातात त्या झाडाला घालतील? सगळी मरायची. पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज यायचं आणि त्याच खड्ड्यात परत लावायचं. त्यामुळे ताई वृक्षारोपण यादीतून काढाच, लावायचीच असतील तर जूनमध्ये या.

हात धुवायचं पथनाट्य पण जरा जपून. आमची आजी ते बघून रडलेली, कारण तिला वाटलं आपण घाणेरडे आहोत असं पोरी सांगतायत. भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत, तिथलं पाणी मुंबईला जातं, आणि तिथल्याच पाड्यांवर एप्रिल-मे मध्ये टँकरची वाट बघतात. त्या माणसांपुढे पाण्याचं महत्त्व काय सांगणार.

मी स्वतः नंतर राष्ट्रीय युवा स्वयंसेवक म्हणून काम केलं, नेहरू युवा केंद्राकडून. १८ ते २९ वयाला असायचं, दहावी पास लागायचं, रेग्युलर शिकणाऱ्यांना घेत नव्हते. मानधन महिना ५००० होतं, गावोगाव फिरायचं, युवा मंडळं उभी करायची. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणहून एसटी, आणि आत दुसऱ्याच्या बाईकवर मागे बसून. त्या काळात एक गोष्ट शिकलो की पहिल्यांदा गेलो तर लोक चहा देतात, दुसऱ्यांदा गेलो तर खरं बोलतात. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा एका मंडळाच्या पोरांनी सांगितलं, क्रिकेटचं किट नको, पोलीस भरतीची पुस्तकं आणि धावायला सपाट जागा द्या. तोपर्यंत मी किटसाठीच पत्रव्यवहार करत होतो.

म्हणून त्या आजींनी विचारलं ना, ते वाईट वाटून घेऊ नका. त्यांनी तुम्हाला आपलं समजून विचारलंय. आमची माणसं परक्याला असं विचारत नाहीत, हो हो म्हणून वाटेला लावतात.

---

नौपाड्याची_काकू:

आईच्या मुद्द्यावर लिहिते, कारण मी पण अशीच अडून बसले होते. माझी मुलगी एनएसएसला होती. मला काळजी कामाची नव्हती, रात्रीची होती. तुझ्या आईला पालकसभेला घेऊन जा आणि तिला सरळ विचारू दे, मुली झोपणार कुठे, शाळेच्या खोलीला आतून कडी आहे का, बरोबर किती मॅडम राहणार, संडास किती लांब, जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, सर्पदंश झाला तर गाडी कोणाची. मला ही उत्तरं मिळाली आणि मी सही केली. न विचारता आया नाहीच म्हणणार बाळा, त्यात तिची चूक नाही.

आणि कॅम्पहून मुलगी आली तेव्हा पहिले दोन दिवस नळ चालू ठेवून दात घासले म्हणून मलाच ओरडत होती. आता नोकरी करते, तरी तशीच आहे.

---

ऐरोलीची_मुलगी:

सगळ्यांचे खूप खूप आभार. काकू, आई येतेय शनिवारी, तुमची यादी तिला दाखवली तर तिने त्यात अजून दोन प्रश्न घातले.

फॉर्म काढले. पाच गायब आहेत, ३६ मिळाले, त्या पाच घरांत परत जाऊन मी स्वतः माफी मागून लिहून घेणार. ३६ पैकी ११ घरांत जातीचा दाखला कोणाकडेच नाही. हे गेल्या वर्षी माझ्याच अक्षरात लिहिलंय आणि मी ते कधी मोजलंच नव्हतं, काल रात्री मोजताना हात थांबला. सरांना दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले पथनाट्य राहू दे, अर्जांचं टेबल लावू. वृक्षारोपण पण काढलं, पावसाळ्यात करू म्हणालेत.

बंधाऱ्यासाठी येत्या रविवारी १४ जण तयार आहेत. जागा आजीच दाखवणार. मुरबाडकर दादा, एक विचारायचं होतं, नंतर त्या गोण्यांचं काय होतं? आणि सुतळी, दाभण ठाण्यात कुठे मिळेल स्वस्त?

---

मुरबाडकर:

चांगलं विचारलंत. पावसाआधी काढाव्या लागतात, नाहीतर पहिल्या पुरात फाटून सगळं प्लास्टिक शेतात येतं. मे अखेर एक फेरी ठेवा, मी पण येतो.

---

कळव्याचा_जुना_स्वयंसेवक:

सुतळी आणि दाभण जांभळी नाक्याला बघ, बाजारात मिळून जाईल. गोण्या विकत घेऊ नका, बिल्डिंगच्या साईटवर वॉचमनला सांगून ठेवलं की रिकाम्या मिळतात, फक्त झटकून घ्या, सिमेंटने हात फाटतात. दोनशे तरी लागतील. माझ्या ओळखीची घोडबंदरला एक साईट आहे, शुक्रवारी संध्याकाळी टेम्पोने स्टेशनला आणून देतो, दोन मुलं पाठव उतरवायला.