डी७५० साडूला देऊन छोटा कॅमेरा घेऊ का? रविवारपर्यंत सांगायचंय (इंदूर)

रामबागी (शुक्रवार, रात्री १०.४०)
मंडळी, सरळ विचारतो. माझ्याकडे निकॉन डी७५० आहे, मोठा डीएसएलआर, २०१६ साली घेतलेला. हल्ली मान धरते. डॉक्टर म्हणाले वजन कमी करा (माझं की बॅगेचं ते विचारायचं राहिलं). साडू कॅमेरा घ्यायला तयार आहे, रविवारी जेवायला येतोय, तेव्हा हो-नाही सांगायचंय. त्याच पैशांत खिशात मावेल असा एखादा घ्यावा म्हणतो. रिको जीआर ३, फुजी एक्स१००, सोनी आरएक्स१०० ही नावं ऐकून आहे. कुठला घेऊ? फोटो खेचताना क्वालिटीत फार फरक पडतो का? आणि कृपा करून 'गरजेवर अवलंबून आहे' असं कुणी लिहू नका. ते मलाही कळतं.

लेन्सवेडा (१०.५२)
गरजेवर अवलंबून आहे.
चिडू नका, पण तुम्ही फोटो कशाचे काढता, लेन्स कुठल्या आहेत आणि साडू किती देतोय, यातलं एकही लिहिलेलं नाही. वर जी तीन नावं टाकलीत त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. रिकोला झूम नाही, व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. फुजीला व्ह्यूफाइंडर आहे, झूम नाही, आणि तो खिशात मावत नाही, सदऱ्याच्या तर नाहीच. सोनीला झूम आहे, तिसऱ्या आवृत्तीपासून व्ह्यूफाइंडरही, पण सेन्सर (फिल्मच्या जागी असतो तो) एवढासा.

सुटसुटीत (११.०५)
माझं ऐका, फोन घ्या. तीन वर्षं झाली, मी कॅमेरा कपाटाबाहेर काढलेला नाही. केदारनाथ, अंदमान, पुतण्याचं लग्न, सगळं फोनवर. कुणाला फरक कळला नाही.

रामबागी (११.११)
फोन आहे हो. फोनबद्दल विचारलेलंच नाही. फोटो नेहमीचेच. साडू बॉडी आणि एक लेन्स मिळून सत्तर म्हणतोय.

लेन्सवेडा (११.१३)
नेहमीचे म्हणजे काय? आणि 'एक लेन्स' म्हणजे कुठली?

ऱ्हस्वदीर्घ (११.३०)
विषयाशी संबंध नाही, पण फोटो 'खेचत' नाहीत, 'काढतात'. हिंदीचा हा प्रभाव दिवसेंदिवस वाढत चालला आहे.

मल्हारगंजचा भिया (११.३४)
साहेब, इंदुरात खेचतातच. आमच्या आजोबांपासून खेचतात. तुमच्याकडे काढत असतील तर काढा.

रामबागी (११.४८)
नेहमीचे म्हणजे घरचे, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), रात्रीचा सराफा (आमची खाऊगल्ली), पावसाळ्यात मांडू, अन् मुलीची नाटकं. लेन्स २४-७० झूम. बाकी एक ५० आणि एक ८५ जुन्या पडून आहेत. ७०-२०० मित्राकडे आहे, तो परत देत नाही.

तिसरी घंटा (शनिवार, सकाळी ७.२०)
दादा, नाटक हा शब्द तुम्ही अकराव्या तासाला काढलात. तोच आधी लिहायचा होता.

मी दहा-बारा वर्षं एकांकिकांचे फोटो काढते आहे, इथेच. रंगमंचावर उजेड म्हणजे एका चेहऱ्यावर भरपूर आणि बाजूच्यावर शून्य. लेन्सचं छिद्र एफ/२.८, शटर १/२०० सेकंद आणि आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२००, इथून माझी सुरुवात असते, आणि पात्र पळायला लागलं की तेही पुरत नाही. रिकोला लेन्स आहे २८ एमएमच्या नजरेची, म्हणजे रुंद. मागच्या वर्षी हौसेनं फक्त तोच घेऊन गेले आणि सहाव्या रांगेतून सगळी नायिका अंगठ्याच्या नखाएवढी आली. वर विंग, खाली समोरच्या काकांचं टक्कल. ते मात्र अतिशय शार्प.

उलट बाजूही सांगते. डीएसएलआरचा आरसा आपटतो त्याचा आवाज शांत प्रसंगात पार शेवटच्या रांगेपर्यंत जातो. एकदा बाप-मुलीच्या प्रसंगात मी सलग चार फ्रेम घेतल्या तर पुढच्या आजी मागे वळून म्हणाल्या, "बाई, कुलपं कसली लावतेस?" तुमच्या डी७५०ला क्यू नावाचा हळू आवाजाचा मोड आहे, डायलवर असतो. नाटकाला तो लावा. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात) इलेक्ट्रॉनिक शटरनं आवाज पूर्ण बंद होतो, पण एलईडी दिव्यांत फोटोवर आडवे पट्टे येऊ शकतात. तालमीला आधी एकदा बघून घ्यायचं.

मुलगी नाटक करतेय तोवर कॅमेरा विकू नका, एवढंच म्हणेन. रिको माझ्याकडे आहे, हवा तर हाताळून बघा.

सुटसुटीत (७.४५)
फोनमध्ये नाइट मोड असतो.

तिसरी घंटा (७.४९)
नाइट मोड एकामागून एक बऱ्याच फ्रेम घेऊन जोडतो. समोरचा माणूस हलला की त्याचं भूत होतं. नाटकात माणसं हलतात.

लेन्सवेडा (८.१०)
सेन्सरचा हिशोब एकदा बघून घ्या. डी७५०चा सेन्सर ३६ बाय २४ मिमी. रिको आणि फुजीचा साधारण २३.५ बाय १५.६, म्हणजे निम्म्याहून कमी क्षेत्रफळ. आरएक्स१००चा १३.२ बाय ८.८, म्हणजे तुमच्या सातव्या हिश्श्याएवढा. दिवसा मांडूत फरक शोधावा लागेल. रात्री शोधावा लागणार नाही.

आता महत्त्वाचं. तुमच्या ५० आणि ८५ 'डी' आहेत की 'जी'?

रामबागी (८.३०)
म्हणजे काय?

लेन्सवेडा (८.३१)
लेन्सवर अ‍ॅपर्चरची (उजेडाचं छिद्र लहान-मोठं करणारी) फिरवायची रिंग आहे का?

रामबागी (८.५५)
आहे. ५०ची जाम झालीय.

लेन्सवेडा (९.०२)
मग डी आहेत. जाम नाही, २२च्या आकड्यावर लॉक केलेली असणार, तशीच ठेवायची असते. या लेन्समध्ये फोकसची मोटर नसते. बॉडीत असते, आणि ती माउंटमधल्या एका बारीक स्क्रूनं लेन्स फिरवते. तुमच्या बॉडीत आहे. उद्या कुणी म्हणालं की निकॉनचाच मिररलेस घ्या अन् जुन्या लेन्स जोडायचा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर लावा, तर २४-७० झकास चालेल, पण या दोन्हींचा ऑटोफोकस चालणार नाही. हातानं फिरवत बसा. साडूला बॉडी दिलीत तर या दोघी अनाथ होतात. कुणाला देऊ नका.

जुनी काच (९.४०)
वजनाच्या तक्रारी वाचून गंमत वाटली. १८७४च्या सुमारास याच इंदुरात लाला दीनदयाळ सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि तिथेच त्यांनी फोटोग्राफी सुरू केली. रुरकीला शिकलेले. पुढे सर लेपेल ग्रिफिनबरोबर मध्य भारत फिरून वास्तूंचे फोटो काढले, मग हैदराबादला निजामाकडे गेले, 'राजा' झाले. लाकडी कॅमेरा, तिवई आणि काचेच्या निगेटिव्ह घेऊन हे सगळं. आणि आपण पावणेदोन किलोला रडतो.

मल्हारगंजचा भिया (९.५१)
काका, उचलायला माणसं असतील त्यांच्याकडे. रामबागींकडे फक्त साडू आहे.

तिसरी घंटा (९.५८)
आणि जड कॅमेऱ्याला वैतागूनच छोटा कॅमेरा जन्माला आला, हेही लिहा की. लायकाच्या ओस्कार बार्नाकला दमा होता, प्लेट कॅमेरा घेऊन डोंगर चढवत नव्हता. म्हणून त्यानं सिनेमाच्या ३५ एमएम फिल्मवर चालणारा कॅमेरा बनवला, १९२५ साली तो लाइपझिगच्या जत्रेत विक्रीला आला. तक्रार करणाऱ्यांचेही उपकार असतात.

मल्हारगंजचा भिया (१०.२०)
गेरचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. छोटा कॅमेरा घ्या पण गेरमध्ये नेऊ नका. मी नेला होता, राजवाड्यासमोर. टँकरचं पाणी आलं तेव्हा शर्टात लपवला, पाणी लागलं नाही. पण या छोट्यांची लेन्स चालू-बंद करताना आत-बाहेर होते ना, तिनं गुलाल आत ओढला. घरी येऊन बघतो तर उजव्या कोपऱ्यात ठिपका. एफ/२.८ला दिसत नाही, एफ/८ केलं की आकाशात माशी बसल्यासारखा. लेन्स निघत नाही म्हणजे आपण फुंकरही मारू शकत नाही. दुरुस्तीवाल्यानं पूर्ण उघडून साफ करायचे पैसे सांगितले ते ऐकून मी ठिपक्याबरोबर राहायचं ठरवलं. त्याला आता घरचाच मानतो.

फुजीवाले म्हणतील आमचा हवामानरोधक आहे. नव्या दोघांत, एक्स१००व्ही आणि एक्स१००सहामध्ये, आहे. पण पुढे वेगळी रिंग आणि फिल्टर लावल्यावर, नुसता नाही.

तुमच्या डी७५०ला प्लास्टिकची पिशवी, लेन्सच्या तोंडाला रबरबँड, पुढे स्वस्तातला फिल्टर. अन् लेन्स घरूनच लावून निघायचं. मी आता असंच करतो, भावाचा कॅमेरा घेऊन.

निवांत पाटी (१०.४५)
लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवावं. तांदूळ ठेवू नयेत, पीठ उडतं.

लेन्सवेडा (१०.४७)
बुरशीचं कुणी विचारलं?

निवांत पाटी (१०.५०)
उद्या विचारतील.

मणका (११.३०)
मी फिजिओथेरपिस्ट आहे. कॅमेऱ्यातलं कळत नाही. कॅमेरा महिन्यातून किती वेळा बाहेर काढता? मान कुठल्या बाजूला धरते?

रामबागी (११.५२)
दोनदा. फार तर तीनदा. डावी बाजू.

मणका (११.५५)
बॅग कुठल्या खांद्याला? दिवसभर काम काय?

रामबागी (दुपारी १२.१०)
बॅग उजव्या. कामाचं म्हणाल तर बसून. हिशोबाचं. फोन सारखे येतात, हात की-बोर्डवर असतात म्हणून फोन मानेत धरतो.

मणका (१२.१२)
डाव्या?

रामबागी (१२.३०)
...हो.

मणका (१२.३४)
हेडफोन घ्या. इथे बसून निदान करत नाही, पण महिन्यातून दोनदा उजव्या खांद्याला लावलेल्या बॅगेनं रोज डावी मान धरते हे मला पटत नाही. माझ्याकडे असू दे किंवा दुसरीकडे, कुणाला तरी प्रत्यक्ष दाखवा. मुंग्या किंवा हात बधिर होत असेल तर आजच.

लेन्सवेडा (१२.५०)
तरी वजनाचं बघूच. घरात काटा आहे?

रामबागी (दुपारी १.४०)
सौ.चा केकचा काटा आहे. मोजलं. २४-७०सकट १ किलो ७६०, पट्टा धरून. ५० लावून १ किलो १५. काटा तेलकट करू नका असं सांगण्यात आलं आहे.

लेन्सवेडा (१.४४)
बघा. पाऊण किलो एका लेन्समध्ये आहे. 'मोठा कॅमेरा' म्हणून जो बदनाम आहे तो मुळात मोठा झूम आहे. तुमची ५० लावा, सराफ्यात जा, मग सांगा.

सुटसुटीत (२.०५)
माझा फोन २०० ग्रॅम आहे.

रामबागी (रविवार, सकाळी ९.१५)
काल रात्री सराफ्यात गेलो होतो. तिसरी घंटा ताईही आल्या, त्यांचा रिको अर्धा तास माझ्या हातात होता. (आभार ताई, गराडू (तळलेला कंद) माझ्याकडून उधार, थंडीत.)

दहीवडा हवेत उडवणारे आहेत ना, तिथे उभे राहिलो. मी डी७५० डोळ्याला लावला की ते थांबायचे. द्रोण हातात धरून, मान तिरकी करून, लग्नातल्यासारखे. दोनदा सांगितलं की तुम्ही तुमचं चालू ठेवा, तर हसू आणखी रुंद. मग रिको छातीशी धरून खेचला. त्यांना पत्ताच नाही. मागे पोरगं पाण्याच्या बादलीत द्रोण विसळतंय, एक बाई पदरानं मुलाचं तोंड पुसतेय, पिवळ्या बल्बच्या उजेडात वाफ, सगळं आलं. असा फोटो मला इतक्या वर्षांत त्या गल्लीत मिळाला नव्हता. मोठा काळा कॅमेरा असला की आपण 'प्रेसवाले' होतो, हे खरं आहे.

पण द्रोण वर गेला तो क्षण रिकोला जमला नाही. अंधारात फोकस पुढे-मागे करत राहिला, तोवर दहीवडा हातात. सहा प्रयत्न, सहाही गेले. मग डी७५०ला ती जुनी ५० लावली, एफ/२.२, १/५००. करकर आवाज करते पण लागते. दुसऱ्याच वेळी द्रोण डोक्याच्या वर हातभर, दही काठावर वाकलेलं, सांडलेलं नाही.

मान दुखली नाही. घरी आल्यावर शाखा कार्यालयाचा फोन आला तेव्हा दुखली.

ऱ्हस्वदीर्घ (९.२८)
वर्णन छान. 'खेचला' सोडून.

तिसरी घंटा (९.४०)
तो द्रोणाचा फोटो इथे टाका. आणि रिको घ्यायचाच असेल तर ४० एमएमवाला ३एक्स बघा, तुम्हाला ५०ची सवय आहे, २८ फार रुंद वाटेल. बॅटरी दोन ठेवा, एकीवर दोनशेच्या आसपास फोटो निघतात.

रामबागी (दुपारी ४.२०)
साडू आला, जेवला. श्रीखंड होतं. बॉडी देत नाही असं सांगितलं, फक्त २४-७० घे म्हटलं, मला ती हल्ली नकोच आहे. तो म्हणतो, नुसत्या लेन्सचं मी काय करू, माझ्याकडे कॅमेराच नाही. आता त्याला बॉडी बघायची आहे. निकॉनचीच लागेल ना? कुठली घ्यावी त्यानं?

लेन्सवेडा (४.२६)
फोटो कशाचे काढणार? बजेट? नवी की जुनी?

रामबागी (४.३१)
झोपलाय. उठला की विचारतो.