उत्तर: एवढ्याशा अळीला ट्राउट तोंड लावते का?

लावते, आणि नक्की लावते! हिमाचलमधल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासे गरवायला निघालेल्या मित्राने अळीसारख्या दिसणाऱ्या फ्लायसाठी (गरीवर दोऱ्याने बांधलेलं नकली आमिष) १८-२० नंबरची गरी फारच बारीक नाही का, असं विचारलंय, म्हणून लिहितोय (गरीचा नंबर जितका मोठा, तितकी ती बारीक). मिज म्हणजे डासासारखी दिसणारी बारीक माशी; तिच्या अळ्या थंड पाण्याच्या तळाशी बारा महिने असतात. एकेक अळी क्षुल्लक, पण संख्या प्रचंड, त्यामुळे ट्राउट जागा न सोडता त्या टिपत राहते.

क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यालयाच्या दुकानांत माशांचं खाद्य म्हणून मिळणारे लाल ब्लडवर्म पाहिलेत ना? त्या मिजच्याच अळ्या. लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्यामुळे त्या कमी ऑक्सिजनच्या गाळातही तगतात. एकदा नीट निरखून बघा, मग फ्लाय बांधणं सोपं जातं: लाल दोऱ्याचं सडपातळ अंग, वर तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, बस. पिसं नकोतच. जाड बांधण्याचा मोह मात्र आवरा, खरी अळी दोऱ्याइतकीच असते.

आपल्याकडे खाडीवर गरवताना वापरतो तो जाड तंगूस इथे चालणार नाही. टोकाला ६एक्स जाडीचा बारीक तंगूस लावा, म्हणजे साधारण ०.१३ मिमी. फ्लाय तळालगत, प्रवाहाच्याच वेगाने वाहू द्या; ओढलीत की मासा ओळखतो. चावा फार हलका असतो. वरचा इंडिकेटर (चावा दाखवणारा तरंगता बोंडा) जरा थबकला तरी काठी उचला, पण हळूच, झटका दिलात तर तंगूस तुटेल.

मत्स्यविभागाचा परवाना आधी काढा.