देवाच्या शिक्षेबद्दल उपकारस्तुती करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

बावडेकर
सर्वांना सलाम. कसबा बावड्यातल्या आमच्या बुधवारच्या घरप्रार्थनेत सध्या बायबलमधल्या इब्री लोकांस पत्राचा १२ वा अध्याय चालू आहे, देव बापासारखी शिस्त लावतो असं सांगणारा. ५ ते ११ वचनं वाचून झाली की गाडी दरवेळी तिथेच अडते. लोक विचारतात, आजारपण किंवा धंद्यातली खोट ही देवाची शिक्षाच, हे ओळखायचं कसं? दुखत असताना आभार मानणं म्हणजे ढोंग नाही का? आणि आभार मानायचे म्हणजे प्रार्थनेपलीकडे काय करायचं? उपदेश नको, गटात मांडता येईल असं सांगा.

मिरज_रोड
वाचन ५ ला सुरू करू नका आणि ११ ला थांबवूही नका. ४ ते १३ घ्या, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. ४ मध्ये म्हटलंय की तुमचं अजून रक्त सांडलेलं नाही. १०:३४ मध्ये याच लोकांची मालमत्ता लुटली गेल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पत्र ज्यांना लिहिलं ते विश्वासासाठी छळ सोसत होते. कुणाच्या ठरावीक पापाचा दंड तिथे वसूल होत नव्हता. तरीही लेखक नीतिसूत्रे ३:११-१२ काढून त्या छळाला बापाचं वळण म्हणतो. त्यामुळे "संकट आलं, आता पाप शोधा" हा हिशोब या अध्यायातून निघतच नाही.

पाप आणि आजार यांचा थेट संबंध १ करिंथ ११:३०-३२ मध्ये आहे, पण तो प्रेषित पौलाने सांगितलाय, शेजारच्या काकूंनी नव्हे. योहान ९:३ (जन्मांध माणूस) आणि लूक १३:४ (बुरूज पडून मेलेले १८ जण) सोबत वाचा, दोन्हीकडे येशू संकटावरून पाप ठरवू देत नाही. दुसऱ्याच्या आजाराचा निकाल आपण द्यायचा नाही, एवढा नियम गटात आधीच ठरवून टाका. नाहीतर ईयोबाचे मित्र (दुःखात पडलेल्या ईयोबालाच दोषी ठरवणारे) दर बुधवारी हजर होतात. औषधं आणि दवाखाना चालूच ठेवायचा, हे वेगळं सांगायला नको.

ढोंगाबद्दल म्हणाल तर ११ वं वचनच कबूल करतं की शिक्षा त्या वेळी आनंदाची वाटत नाही, दुःखाची वाटते. तेव्हा हसरा चेहरा कुणी मागितलेला नाही. ५ व्या वचनात दोन चुका सांगितल्यात: शिक्षा हलक्यात घेणं आणि खचून जाणं. आपल्याकडे पहिलीवर बोललं जातं. दुसरी मात्र नम्रता समजून खपते.

शाहूपुरी_गूळ
तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. दोष दाखवला गेला की आधी तो नेमक्या शब्दांत लिहून काढा: काय केलं, कधी केलं, नुकसान कुणाचं झालं. "प्रभू, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर" या वाक्याआड काहीही लपतं. पवित्र आत्मा बोट ठेवतो ते एका गोष्टीवर, तिला नाव देता येतं. "तू बेकारच आहेस" असा नुसता मोघम आवाज मनात घुमत असेल आणि करण्यासारखं काहीच सुचत नसेल, तर रोम ८:१ (ख्रिस्तात असणाऱ्यांना दंडाज्ञा नाही) वाचून तो बाजूला सारा.

मग भरपाई. समजा शेतकऱ्याच्या गुळाच्या पट्टीतून ५,००० रुपये जास्तीचे कापले. लेवीय ६:५ प्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे ६,००० परत. जक्कय या जकातदाराने चौपट देऊ केलं होतं (लूक १९:८), त्या मापाने २०,००० होतात. आज आपण त्या नियमाला बांधलेले नाही, पण नुसतं मुद्दल टेकवून मोकळं होऊ नये हे त्यातून कळतं. माणूस वारला असेल तर वारसांना द्या. वारसही नसतील तर गणना ५:८ प्रमाणे ते देवाचं, मंडळीत जमा करा.

इथे क्रम चुकतो. लोक उपकारस्तुतीचं (देवाचे आभार म्हणून द्यायच्या दानाचं) पाकीट आधी पेटीत टाकतात आणि शेतकऱ्याकडे जायचं राहूनच जातं. लेवीयात मालकाचे पैसे ५ व्या वचनात आहेत, देवाला अर्पण करायचा मेंढा ६ व्या. मत्तय ५:२३-२४ पण तेच सांगतं: अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन समेट कर.

माणसाकडून कानउघाडणी झाली तर शौल आणि दावीद हे दोन राजे शेजारी ठेवून वाचा, दोघांनाही संदेष्ट्याने चूक दाखवली होती. १ शमुवेल १५ मध्ये शौल खापर लोकांवर फोडतो आणि ३० व्या वचनात म्हणतो, वडीलजनांसमोर माझा मान राख. २ शमुवेल १२:१३ मध्ये दाविदाचं एकच वाक्य आहे, मी परमेश्वराविरुद्ध पाप केलं, त्यात "पण" नाही. आणि क्षमा मिळाली तरी परिणाम टळले नाहीत, हेही गटात स्पष्ट सांगा.

हुपरीचा_चांदीवाला
मलाखी ३:३ काढणार असाल तर जपून. सोनार मुशीत स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत चांदी तापवतो, ही व्हॉट्सॲपवर फिरणारी गोष्ट त्या वचनात नाही. तिथे प्रभू चांदी गाळणारा म्हणून बसतो आणि लेवीच्या वंशजांना (याजकांच्या कुळाला) शुद्ध करतो, ते नीतिमत्त्वाने अर्पण करू लागावेत म्हणून. चेहऱ्याची जोड भावा नंतर कुणीतरी लावलेली आहे.

बावडेकर
मिरज_रोड, शाहूपुरी, हुपरीकर, आभार. अजून एक. गटातल्या एका ताईंना सांगितलं गेलंय की नवऱ्याची मारहाण ही देवाची शिस्त समजून सोसा. यावर काय म्हणायचं?

मिरज_रोड
साफ नाही म्हणायचं. इब्री १२ मध्ये शिस्त लावणारा बाप देव आहे, १० व्या वचनाप्रमाणे आपल्या हितासाठी. मारणारा नवरा त्या जागी बसत नाही, तो स्वतःच शासनाला पात्र आहे. ताईंना ११२ किंवा महिला हेल्पलाइन १८१ चा नंबर द्या. मंडळीतल्या दोन जाणत्या बायका त्यांच्यासोबत राहतील असं बघा. पाळकसाहेबांना कळवा, पण ताईंना विचारूनच. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून "समेट" घडवायला जाऊ नका. घरी गेल्यावर मार दुप्पट होतो.

शाहूपुरी_गूळ
बुधवारसाठी माझ्या मते एवढं पुरे: इब्री १२:४-१३, मग स्तोत्र ११९ मधली ६७, ७१ आणि ७५ ही दुःखातून शिकल्याची वचनं, मग पाच मिनिटं शांतता. प्रत्येकाने चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहायची, शेजारी ज्याला भेटायचं त्याचं नाव आणि तारीख. चिठ्ठ्या गोळा करू नका, मोठ्याने वाचायला लावू नका. पुढे कुणाला साक्ष द्यायची असेल तर दुसऱ्याचं नाव आणि रक्कम गाळून सांगायला सांगा, नाहीतर परत केलेल्या पैशांची चर्चा शेतकऱ्याच्या गल्लीत त्याच्या आधी पोचते. आणि १२-१३ वचनं सोडू नका. ढिले हात, लटपटते गुडघे, लंगड्यासाठी सरळ वाट. शिक्षेबद्दल सांगून झाल्यावर लेखक लगेच तिकडे वळतो, म्हणून त्या चिठ्ठीत जमलं तर एखाद्या थकलेल्या माणसाचंही नाव येऊ दे.