मदत हवी आहे: चित्रकलेच्या तासाला छायाचित्रण घेतेय, गुण कशाला देऊ?

नमस्कार मंडळी,

मी शाळेत चित्रकला शिकवते. आठवीला छायाचित्रणाचे ८ तास घ्यायचं खूळ माझ्याच डोक्यातलं, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार! वर्गात ४२ मुलं, जुने ३ मोबाईल, ४० मिनिटांचा तास. (मुलांचे स्वतःचे फोन मुद्दाम नको म्हटलं. एकाचा भारी, दुसऱ्याकडे नाहीच, मग फोटो राहतात बाजूला आणि फोनचीच चर्चा.)

पहिले दोन तास फसले. फळ्यावर छिद्र (उजेड आत येण्याची वाट किती मोठी), शटर (उजेड किती वेळ आत येतो), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) असा त्रिकोण काढला, तर एकीने विचारलं, "बाई, यात छिद्र कुठून बदलायचं?" शोधलं तर आमच्या तिन्हींत ती सोयच नाही; बहुतेक मोबाईलमध्ये नसतेच. चेहऱ्यामागचं धूसर दिसतं ते बरंचसं सॉफ्टवेअरचं काम. त्रिकोण पुसला. दुसऱ्या तासाला मोबाईल हातात दिले, अर्ध्या तासात तीनशेच्या वर फोटो निघाले आणि एकही कुणी परत उघडून पाहिला नाही.

तिसऱ्या तासाला मोबाईल कपाटात ठेवले. खिडक्या काळ्या कागदाने बंद केल्या आणि एका कागदाला करंगळी जाईल एवढं भोक पाडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. दोन-तीन मिनिटं काहीच दिसेना, कुजबुज सुरू झाली. डोळे अंधाराला सरावले तसं समोरच्या भिंतीवर झाड दिसायला लागलं. उलटं, आणि फांद्या हलत होत्या! एक जण ओणवा होऊन पायांमधून बघत होता. भोक लहान केलं की चित्र रेखीव पण अंधुक, मोठं केलं की उजळ पण पुसट, हे त्यांनी कागद बदलबदलून स्वतःच शोधलं. मी फक्त कागद पुरवत होते.

त्यानंतर पुठ्ठ्याच्या चौकटी केल्या. आधी चौकटीतून बघून वहीत कच्चं रेखाटन, मग गटाला फक्त ५ फोटो. हे बरं चाललंय.

अडलंय ते गुणांवर. चित्रात हात कुणाचा ते कळतं. इथे उजेड, रंग, फोकस सगळं मोबाईलच ठरवतो, आणि चुकून छान आलेल्या फोटोला मी पैकीच्या पैकी कशी देऊ? शिवाय एका मोबाईलमागे १४ मुलं. फोटो काढतो एक, बाकीचे तेरा काय करणार? आणि सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने निळे ठसे काढायची पद्धत) वर्गात करावं का? कुणी केलंय?

प्रतिसाद १
ताई, फोटोला गुण देऊच नका, निवडीला द्या. रोलच्या जमान्यात निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून ३६ च्या ३६ फोटो एका पानावर छापायचे आणि भिंगातून बघून खुणा करायच्या. तसंच पाचही फोटो छोटे छापून वहीत लावायला सांगा. एक निवडायचा, एक टाकायचा आणि दोन्हींची कारणं लिहायची. "हा छान आलाय" हे कारण चालणार नाही, असं आधीच बजावा. चुकून आलेला फोटो इथे बरोबर सापडतो.

प्रतिसाद २
१४ चा गट फार मोठा. एका वेळी तीनच गट मोबाईलवर ठेवा, चार-चार जणांचे: एक फोटो काढणारा, एक समोर बसणारा, एक पांढरा पुठ्ठा धरणारा, एक नोंदी घेणारा. खिडकीशी बसलेल्याच्या अंधाऱ्या गालाजवळ पुठ्ठा आणला की सावली कशी उजळते, ते बघून मुलं पुठ्ठ्यासाठी भांडतात. बाकीचे तोवर सायनोटाइपवर.

सायनोटाइप १८४२ ची, इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांची. पुढच्याच वर्षी वनस्पती-अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशेवाळाचे ठसे यातूनच काढायला घेतले. रसायनं दोन: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. दुसऱ्या रसायनाजवळ तीव्र आम्ल अजिबात नको. मिसळणं आणि कागदाला लावणं तुम्हीच करा, हातमोजे घालून, मंद उजेडात. मुलांनी त्या कागदावर झाडाची पानं मांडायची, उन्हात ठेवायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. ढगाळ दिवशी मात्र कंटाळा येईल.

धागाकर्ती
दोघांचे आभार! निवड-नोंद उद्याच सुरू करते. पण समोर बसणाऱ्याचा फोटो म्हणजे चेहरा आला. पालकांची परवानगी घेता, की नुसते हात आणि सावल्यांवर भागवता?