रेंजफाइंडरसाठी २१ की २८ मिमी लेन्स?

प्रश्न: लायका एम६ (रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून नव्हे तर वेगळ्या खिडकीतून बघायचा कॅमेरा), व्ह्यूफाइंडर ०.७२ पट दाखवणारा. रस्त्यावरचे आणि इमारतींचे फोटो, जास्त करून स्लाइड फिल्मवर (निगेटिव्ह न बनता थेट चित्र देणारी). फोग्टलँडर कलर-स्कोपार २१ एफ/४ घ्यावी, झाइस सी बायोगॉन २१ एफ/४.५, की सरळ २८?

उत्तर १: चष्मा आहे का? ०.७२ मध्ये २८ची चौकट (फोटोची हद्द दाखवणाऱ्या रेघा) अगदी कडेला असते. चष्म्यातून ती एका नजरेत मावत नाही. २१ला तर कॅमेऱ्यावर बसवायचा वेगळा फाइंडर लागतोच. तो लेन्सच्या बराच वर बसतो, त्यामुळे जवळच्या माणसाचं डोकं छाटलं जातं. दीड मीटरच्या आत वर मोकळी जागा सोडा.

उत्तर २: इमारतींसाठी सी बायोगॉनच. काचांची रचना पुढे-मागे जवळपास सममित, त्यामुळे कडेच्या रेषा वाकत नाहीत. किंमत मोजावी लागते ती कोपऱ्यांत: अशा २१मध्ये तिथे सुमारे दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथा हिस्सा प्रकाश पोचतो आणि छिद्र लहान करूनही तो फारसा भरून निघत नाही. निगेटिव्ह फिल्म हे सोसते, स्लाइड नाही. स्कोपार मात्र छोटी आणि हलकी, रस्त्यावर सोयीची. जुनी सुपर-अँग्युलॉन एफ/३.४ स्वस्तात मिळाली तरी जपून: मागची काच इतकी आत जाते की एम६चं प्रकाश मोजणारं मीटर झाकलं जातं.

उत्तर ३: फोकसचा हिशोबही बघा. एफ/८वर २१चा फोकस १.९ मीटरवर लावला की साधारण ०.९५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. २८ला ३.३ लावावं लागतं, सुरुवात १.६५पासून. रस्त्यावर हा फरक मोठा.

प्रश्नकर्ता: चष्मा आहे. मग २८ बाद.