पंखवाले सिंह आणि त्यांची शिंगं

वर एकांनी विचारलंय, चीनमधल्या नानजिंग शहराजवळच्या, लिआंग राजघराण्याच्या काळातल्या थडग्यांपुढचे पंखवाले दगडी प्राणी सम्राटांचे की राजपुत्रांचे, हे ओळखायचं कसं? आधी डोकं बघा. सम्राटांच्या थडग्यांपुढच्या प्राण्यांना शिंगं असतात. राजपुत्रांच्या प्राण्यांना शिंगं नाहीत, आयाळ आहे, आणि उघड्या जबड्यातून जीभ थेट छातीपर्यंत लोंबते. लिआंग सम्राट वू याचा भाऊ श्याओ श्यू (मृत्यू इ.स. ५१८) याच्याकडचे असेच आहेत. मान मागे, छाती पुढे काढलेली, खांद्यापाशी छोटेसे पंख. एवढ्या अवजड दगडात ही ऐट आणलीय, त्या पाथरवटांना खरंच मानलं पाहिजे!

पण सगळे सिंहांचेच फोटो टाकताहेत, थडग्यांपुढच्या दगडी खांबांकडे कुणी बघत नाही. श्याओ श्यूचा चुलतभाऊ श्याओ जिंग राजपुत्र नव्हता, सरदार होता. त्याच्या थडग्याचा खांब सुमारे ६.५ मीटर उंच आहे. अंगावर उभ्या पन्हाळी, माथ्यावर कमळ, त्यावर छोटा सिंह. अशोकस्तंभ आठवतोच, आणि काही अभ्यासक तसा संबंध जोडतातही. सम्राट वू निष्ठावान बौद्ध होता, त्यामुळे मला तरी तो पटतो. त्या खांबावरच्या पाटीतली अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी कोरलेली आहेत. पाटीचा जवळून घेतलेला फोटो कुणाकडे असेल तर जरूर टाका.