घडीच्या चाकूची स्प्रिंग: खटका की कमान? आणि 'पाणी देणे'

डिचोलीत एक छोटं वर्कशॉप आहे, घडीचे चाकू हातानं बनवतात, त्यांच्यासाठी मराठीत माहितीपत्रक लिहितोय. पातं, मूठ, धार इथपर्यंत ठीक, पण पात्याच्या पाठीमागे जी स्प्रिंग असते तिला सगळे खटकाच म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि हार्डनिंग, टेंपरिंगला वेगवेगळे शब्द आहेत का?

—

दादा, खटका सरसकट नको. खटका म्हणजे पातं अडकवून ठेवतो आणि दाबल्याशिवाय सोडत नाही तो, रामपुरीला असतो तसा. फ्रान्सच्या लागियोल चाकूत (तिथले लोक लायोल म्हणतात) परंपरेनं खटका नसतोच, पाठीची स्प्रिंग पात्याला नुसती दाबून धरते, जोर दिला की मिटतं. तिला कमान म्हणा, घड्याळाची कमान म्हणतोच की आपण. ओपिनेल या दुसऱ्या फ्रेंच चाकूला तर दोन्ही नाही, १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी फिरणारं कडं आहे, मग कडंच लिहायचं.

पाण्याचं जास्त महत्त्वाचं. पातं लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलं की लोहार म्हणतो पाणी दिलं, तेच हार्डनिंग. पण तेवढ्यानं ते कडक होतं आणि ठिसूळ पण, पडलं तर तुकडा उडतो, म्हणून घासून चकचकीत करून परत हलकं तापवतात, साधारण २२० ते २४० अंश सेल्सिअस, पेंढ्यासारखा पिवळा रंग चढेपर्यंत, ते टेंपरिंग. कमान मात्र ३०० च्या आसपास, निळी होईपर्यंत, कारण तिला धार नको, लवायला पाहिजे. सगळं कसब या दुसऱ्या पायरीत आहे आणि 'पाणी देणे' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला ती दिसणारच नाही. कोणी 'पाणी उतरवणे' सुचवेल, ते कृपया नको, पाणी उतरणं म्हणजे तेज जाणं, कारागिराच्या हातच्या वस्तूबद्दल असं कसं लिहायचं? टेंपर करणं लिहा, वर्कशॉपात तेच बोलतात.

—

वरच्या ताईंशी सहमत. एकच भर घालते, धार लावण्याला 'पाजवणे' घ्या ना. कोयता पाजवून आण असं आमच्या पेडण्याकडे घरोघरी बोलतात, आणि ज्या दगडावर पाजवायचं तो निसणा. फक्त 'पाणी पाजणे' (म्हणजे पाणी देणंच) आणि 'पाजवणे' एकाच वाक्यात आणू नका, एक भट्टीजवळचं काम, दुसरं सगळं झाल्यावरचं, नवीन माणूस गोंधळतो. आणि पत्रकात हेही घाला की कार्बन स्टीलचं पातं आपल्या पावसात लगेच गंजतं, वापरून झालं की पुसून कोरडं करायचं, वर तेलाचा हात फिरवायचा, ज्या खिळीवर पातं फिरतं तिथे पण एक थेंब.